जाताना साडेचार, येताना साडेचौदा!

“हा काय चावटपणा आहे रे?” असे म्हणून मावशीने एक कागद माझ्यापुढे टाकला.

२०२३ सालची दिवाळी तोंडावर आली होती. पार्ल्याला मावशीच्या घरी मी फराळाचे भाजके पोहे पोचवायला गेलो होतो. मावशीचा मुलगा लंडनला असतो. त्याने आपल्या तिकिटाची नक्कल मोबाइलवर पाठवली होती आणि शेजारच्या मुलाने ती कागदावर छापून दिली होती. मावशीने चष्मा लावून त्यावरून दोन दिवस गणित मांडले होते. ते काही केल्या सुटेना.

“हे बघ,” ती म्हणाली, “तिकडून निघतो शनिवारी अकरा तारखेला रात्री आठ वाजता. इथं पोचतो रविवारी सकाळी साडेदहाला. झाले किती? साडेचौदा तास. आणि सोळा तारखेला परत जायला निघतो दुपारी एक वाजता, तर तिकडं पोचतो त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला. झाले साडेचार! आईकडे यायला साडेचौदा आणि आईपासून लांब जायला साडेचार. विमान तेच, आकाश तेच. मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी?”

मावशीने तेव्हा ब्याऐंशी पुरी केली होती. पस्तीस वर्षे तिने पोस्टात नोकरी केली. मनिऑर्डरींचे हिशेब पै-पैशाने जुळवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे दहा तासांची तफावत ती अशीच सोडून देणे शक्य नव्हते. मी पडलो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मला अशी संधी पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती. भाजके पोहे बाजूला ठेवून मी पाटावर बसलो.

वाचकहो, मुंबई आणि लंडन या दोन शहरांच्या विमानतळांत अंतर किती, आणि ते कापायला वेळ किती लागतो, हा प्रश्न वरवर पाहता एका ओळीत संपावा. त्या दिवशी मात्र त्यात आमची दुपार गेली आणि रात्रीचा पिठलेभातही झाला. त्या दुपारची ही हकीकत.

घड्याळांची भांडणे

“मावशी, तुझ्या लहानपणी मुंबईत दोन वेळा होत्या, आठवतं?” मी विचारले.

तिला चांगले आठवत होते. १९०६ साली सगळ्या देशासाठी स्टँडर्ड टाइम ठरला, तरी मुंबईने आपले जुने ‘मुंबई टाइम’ काही लवकर सोडले नाही. ते स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटे मागे असे. १९५५ सालापर्यंत ते कुठे ना कुठे चालू होते. म्हणून तर जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ असे छापत. नाहीतर एखादा वऱ्हाडी अक्षता पडून गेल्यावर यायचा आणि “माझ्या घड्याळाप्रमाणे मी वेळेवर आहे” म्हणून वाद घालायचा.

“मग लंडनचंही तसंच,” मी म्हणालो. “सूर्य पूर्वेला आधी उगवतो. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी घेते, म्हणजे तासाला पंधरा अंश. आपलं स्टँडर्ड टाइम धरलंय साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, लंडनचं शून्यावर. साडेब्याऐंशीला पंधरानं भाग.”

मावशीने डोळे मिटले आणि क्षणात म्हणाली, “साडेपाच.”

“म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा. तिकिटावर निघण्याची वेळ एका गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची दुसऱ्या गावच्या. दोन गावच्या घड्याळांची वजाबाकी म्हणजे रुपयांतून शेर वजा करण्यासारखं आहे.”

ही उपमा तिला पटली. मग तिनेच गणित हातात घेतले. मुंबईहून दुपारी एकला निघून लंडनला साडेपाचला पोचायचे, म्हणजे मुंबईच्या घड्याळात रात्रीचे अकरा. प्रवास दहा तासांचा. लंडनहून रात्री आठला निघायचे, म्हणजे मुंबईचा रात्रीचा दीड. तिथून सकाळी साडेदहापर्यंत नऊ तास.

या हिशेबाची एक सोपी पडताळणी आहे. वाचकांनी आपल्या मुलांना ती जरूर दाखवावी. जाण्याचे आणि येण्याचे ‘दिसणारे’ तास मिळवावेत आणि निम्मे करावेत. साडेचार अधिक साडेचौदा म्हणजे एकोणीस, निम्मे साडेनऊ. घड्याळाचा फरक एका बाजूला जितका खातो तितकाच दुसऱ्या बाजूला परत करतो, म्हणून बेरजेतून तो आपोआप निघून जातो. राहतो तो खरा सरासरी प्रवास, साडेनऊ तासांचा.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. विलायतेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्यातला फरक साडेचार तासांचाच राहतो. आमची दिवाळी नोव्हेंबरात होती, म्हणून साडेपाच.

मावशीचे समाधान झाले असे मला वाटले. पण ती मनिऑर्डरवाली बाई. तिने कागदावर पुन्हा पेन्सिल टेकवली.

“घड्याळाचं कळलं. पण जाताना दहा आणि येताना नऊ. हा एक तास कुठे गेला?”

धागा आणि नकाशा

त्या तासाकडे वळण्यापूर्वी आधी अंतर मोजले पाहिजे. मावशीच्या कपाटावर मुलाच्या लहानपणचा पृथ्वीचा गोल धूळ खात पडला होता. तो पुसून घेतला आणि शिवणाच्या डब्यातला लाल धागा मागितला.

भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले, तर रेघ अरबी समुद्रावरून जाते. एकच दिशा धरून त्या रेघेने कोणी निघाला, तर त्याला सुमारे ७४०० किलोमीटर पडतील. पण पृथ्वी काही भिंतीवर टांगलेली नाही. गोलावर मुंबईवर एक बोट ठेवून आणि लंडनवर दुसरे ठेवून धागा ताणला, की तो सरकतो आणि आपली जागा आपणच शोधतो. ती जागा नकाशातल्या रेघेच्या पुष्कळ उत्तरेला असते. या वाटेने एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर भरते सुमारे ७२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार मैल. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत सुमारे ३८९० असे सांगेल. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १८५२ मीटर.

ताणलेल्या धाग्याखाली कोणकोणते मुलूख येतात ते मी मावशीला बोटाने दाखवीत गेलो. मुंबईहून वायव्येला निघालेला धागा जवळजवळ नेमका कराचीवरून जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रायमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि मग लंडन. गंमत अशी, की मुंबईहून वायव्येकडे तोंड करून निघालेला धागा लंडनला शिरतो तो अगदी पश्चिमेकडे तोंड करून. मध्ये कुठेही वळण न घेता दिशा बदलते. गोलावरच्या सरळपणाचा हाच स्वभाव आहे.

“मग विमान ह्याच धाग्यावरून येतं?” मावशीने विचारले.

इथे भूगोल संपतो आणि इतिहास सुरू होतो. आकाशाला कुंपण नसते असे आपण म्हणतो, पण प्रत्येक देशाच्या डोक्यावरचे आकाश त्या त्या देशाच्या मालकीचे असते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. धाग्याचा तेवढा तुकडा गळाला. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवले होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याने ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले आणि भारतानेही तसेच उत्तर दिले. मग विमानाला समुद्रावरून, आखातावरून, तुर्कस्तानावरून वळसा घ्यावा लागतो. ७२०० चे ७६०० होतात, कधी त्याहूनही अधिक. जमिनीवरची भांडणे दहा किलोमीटर उंचीवरच्या उतारूलाही चुकत नाहीत. त्याला ती गोळीच्या आवाजाने कळत नाहीत, उशिरा येणाऱ्या चहाने कळतात एवढाच फरक.

तो हरवलेला तास

आता मावशीचा हरवलेला तास.

तिथेच शेजारचा मुलगा येऊन बसला होता. तो इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. तो म्हणाला, “काका, हे उलटंच व्हायला हवं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला निघालं तर लंडन आपणहून त्याच्याकडे येईल. मग जाताना वेळ कमी लागायला हवा.”

ही शंका पुष्कळांना येते आणि ती विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. धावत्या लोकलच्या डब्यात चणेवाला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालतो, तेव्हा गाडी कुठल्या दिशेने चालली आहे याचा त्याच्या पावलांना काही पत्ता नसतो. डबा, डब्यातली हवा आणि चणेवाला सगळे मिळून चाललेले असतात. पृथ्वीही आपली हवा बरोबर घेऊनच फिरते. त्या फिरण्याचा विमानाला थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

पण त्या हवेत स्वतःचे वारे असतात. तीस-चाळीस हजार फूट उंचीवर, उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज होतो, कधी त्याच्या वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्याने आपला अहवाल एस्पेरान्तो भाषेत प्रसिद्ध केला. हेतू हा, की साऱ्या जगाला तो वाचता यावा. पण ती भाषा जाणणारे जगात मूठभर. त्यामुळे तो फारसा कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची उंचावरून उडणारी बॉम्बर विमाने जपानवर गेली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना या वाऱ्याने अक्षरशः धक्के देऊन आपली ओळख करून दिली.

मावशीसाठी मी सोपा हिशेब मांडला. वळसा धरून वाट ७६०० किलोमीटरची. स्थिर हवेत विमानाचा वेग ताशी ८७० धरू. सगळ्या वाटेवर वारा सारखा जोरकस नसतो, म्हणून सरासरी ताशी ५० चा धरू. लंडनला जाताना तो समोरून. राहिले ८२०. वेळ सव्वानऊ तास. येताना तो पाठीवर. झाले ९२०. वेळ सव्वाआठ तास. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे यांचे पाऊण तास घाला. दहा आणि नऊ! हरवलेला तास वाऱ्याच्या खात्यावर सापडला.

मावशीने पेन्सिल खाली ठेवली. तिचा चेहरा उजळला. “म्हणजे माझ्याकडे येताना वारा त्याला ढकलतो. आणि जाताना अडवतो.”

भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य कुठेही नाही. पण इतके अचूक वाक्य मला तीस वर्षे शिकवून सुचले नव्हते.

बैलगाडीतले पेट्रोल

चहा झाला. मावशी पोस्टातल्या गोष्टींवर आली. परदेशी पत्रांचे पातळ निळे कागद, त्यावरचे ‘हवाई डाक’ हे शब्द, चुकीच्या तिकिटांचा दंड. पत्र लंडनला किती दिवसांत पोचते, हे विचारायला लोक तिच्या खिडकीशी येत. खरे म्हणजे मुंबई आणि लंडन यांमधले अंतर माणसांच्या आधी पत्रांनीच तोडायला सुरुवात केली.

फार पूर्वी बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात. तो मार्ग सुमारे पावणेअकरा हजार सागरी मैलांचा, महिनोन्‌महिने लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि अंतर सुमारे सव्वासहा हजारांवर आले. तरीही बोटीने पंधरा-वीस दिवस मोडत. मार्सेल्सला उतरून आगगाडी धरली, तर सुमारे दोन आठवड्यांत लंडन गाठता येई.

मग विमान आले. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरिअल एअरवेजने लंडन-कराची टपाल सुरू केले. या प्रवासाचा एक टप्पा तर चक्क आगगाडीचा होता. सारा मिळून आठवडा लागे. कराचीपर्यंत आलेले टपाल मुंबईला आणायचे काम जे. आर. डी. टाटा यांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः एका इंजिनाचे चिमुकले पस मॉथ विमान चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बरोबर उतारू कोणी नव्हता, होती ती सुमारे पंचवीस किलो पत्रे. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूचा विमानतळ म्हणजे चिखलाचे मैदान. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई आणि मग सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

वाचकांना आठवत असेल, आमचा लाल धागाही कराचीवरूनच गेला होता. 

आपल्या देशाचे विमान थेट लंडनला पहिल्यांदा निघाले ते ८ जून १९४८ रोजी. नाव ‘मलबार प्रिन्सेस’, बनावट लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंखे. मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन असा मार्ग. पुरी एक दिवसरात्र लागे आणि फेरी आठवड्यातून एकदाच. १९६० साली बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि हा प्रवास निम्म्याच्या आसपास आला. आता मध्ये कुठेही न उतरता नऊ-दहा तास. गेल्या साठ वर्षांत विमानाचा वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. कमी झाले ते मधले थांबे.

या वाटेने आपली किंमतही घेतली आहे. तीच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळली आणि आतली ४८ माणसे गेली. त्यांत बरेचसे जहाजावर कामाला निघालेले खलाशी होते. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग मुंबईहून दिल्ली-बेरूतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना त्याच पर्वतावर कोसळले. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते.

मावशी तेव्हा नोकरीत नवीन होती. त्या दिवशी खिडकीशी रोजच्यासारखी माणसे आली, पण लंडनच्या पत्रावर तिकीट लावताना जो तो थबकत होता, असे ती सांगते.

त्या विमानातली परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक पिशवी २०१२ साली माँ ब्लांच्या हिमनदीत सापडली. बर्फ वितळता वितळता ती वर आली होती. सेहेचाळीस वर्षांनी! हे मी सांगितल्यावर मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पोस्टात असं टपाल ‘विलंबित’ म्हणून नोंदवतात. ‘हरवलं’ असं लगेच लिहीत नाहीत.”

तेराव्याचे गणित

संध्याकाळ झाली होती. दिवा लावून मावशी परत येऊन बसली. आता तिने जे सांगितले ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

तिचे एक काका १९३७ साली शिकायला विलायतेला गेले होते. गेल्यावर वर्षाच्या आत त्यांचे वडील, म्हणजे मावशीचे आजोबा, वारले. इकडून तार केली. तार पोचली दुसऱ्याच दिवशी. बातमी समुद्रापार एका दिवसात गेली, पण माणसाला बोटीने उलट यायला सुमारे दोन आठवडे. म्हणजे तार हातात पडताच काकांनी बोट पकडली असती, तरी तेरावाही हुकला असता. काका आले नाहीत. भाड्याच्या खोलीत थंड पाण्याने अंघोळ करून ते एकटेच बसून राहिले. थोरल्या मुलाची जागा धाकट्याने भरून काढली. काका पुढे पुष्कळ वर्षे जगले, मोठ्या हुद्द्यावर गेले. पण घरात कोणाचेही तेराव्याचे पान वाढले, की ते उठून गॅलरीत जात.

मी मनात हिशेब केला. बोटीच्या दिवसांत मुलगा तेराव्यालाही पोचत नसे. १९४८ नंतर, त्या दिवशीचे विमान असले आणि जागा मिळाली, तर तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला पोचला असता. आता अग्नी द्यायलाही पोचू शकतो. किलोमीटर काही कमी झाले नाहीत. ते १९३७ मध्ये होते तेवढेच आज आहेत. पण आमच्या घरात लंडन तेरा दिवसांपेक्षा लांब होते, ते एका दिवसाच्या आत आले. दोन गावांमधले अंतर मोजायचे हे माप कुठल्या भूगोलाच्या पुस्तकात नसते. पण ज्यांची माणसे परगावी आहेत त्यांना ते पाठ असते.

“मग आता नीट सांग,” मावशी म्हणाली. आवाज अगदी मनिऑर्डरीचा हिशेब विचारावा तसा. “तिकिटावरचे नऊ तास सोड. इथं मला काही झालं, तू त्याला फोन केलास, तर तो ह्या दारात किती वेळात उभा राहील?”

दिवसभराच्या साऱ्या प्रश्नांमागे हा एक प्रश्न उभा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

मी उत्तर टाळले नाही. तिने ते टाळू दिले नसते. फोन जायला एक मिनिट. तिकीट काढायला आणि पिशवी भरायला दोन तास. घरापासून हीथ्रोला पोचायला दीड तास. विमान सुटण्यापूर्वी तीन तास आधी तिथे हजर राहावे लागते. हवेत आणि धावपट्टीवर मिळून नऊ तास. इकडे उतरल्यावर पासपोर्टाचा शिक्का आणि सामान यांचा एक तास. विमानतळापासून पार्ल्याचे घर हाकेच्या अंतरावर. अर्धा तास धरू. झाले सतरा. त्याच दिवशीच्या विमानात जागा मिळाली तर ही गोष्ट. न मिळाली तर दुसऱ्या गावी विमान बदलून यायचे, आणखी पाच-सात तास. तिकिटावर नऊ तास असले, तरी दारापासून दारापर्यंत एक अख्खा दिवस. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला तरी त्यातले साडेचार तासच वाचतील. बाकीचा वेळ जमिनीवरच जातो.

मावशीने बोटांवर मोजले.

“चोवीस तास,” ती म्हणाली. “एक दिवस. एक दिवस मी थांबेन.”

आणि ती पिठले करायला उठली.

पहाटेची अंघोळ

एवढ्यावर ही हकीकत संपली असती, पण दिवाळीच्या अंकात ती अशी संपवणे बरे नव्हे. शिवाय खरी गंमत पुढेच झाली.

रविवारी, बारा तारखेला, नरकचतुर्दशी होती. मावशीच्या घरची रीत कडक. पहाटे अंधारात उठायचे, तेल-उटणे लावून सूर्य उगवायच्या आत अंघोळ करायची, अंगठ्याने कारीट फोडायचे. उजाडल्यावर अंघोळ करील तो नरकात जाईल, हे तिने आम्हा सर्व भाचरांना इतक्या वेळा बजावले आहे, की अजूनही त्या दिवशी गजराच्या आधी जाग येते. आणि तिच्याच मुलाचे विमान उतरायचे होते सकाळी साडेदहाला!

विमान वेळेवर आले. वाऱ्याने आपले काम केले होते. पावणेबाराला मुलगा दारात उभा राहिला. बाहेर ऊन चढले होते. गल्लीतल्या पोरांचे फटाके संपून फराळाची दुसरी फेरी चालू होती. आम्ही सगळे नाहून, नटून बसलो होतो. तो मावशीच्या पाया पडला आणि ओशाळून म्हणाला, “आई, यंदा माझी अंघोळ हुकली. मी सरळ नरकात!”

मावशीने त्याचा हात धरला आणि मनगट उलटे केले.

“हे घड्याळ बदललंस का?”

“नाही अजून. गडबडीत राहिलं.”

“किती वाजलेत त्यात?”

त्याने पाहिले. “सव्वासहा.”

“लंडनात आज सूर्य किती वाजता उगवतो?”

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, हे मला ठाऊक होते. मी तसे सांगितले.

“मग झालं तर,” मावशी म्हणाली. “ह्याच्या घड्याळात अजून उजाडलेलं नाही. पाऊण तास हातात आहे. चल, शर्ट काढ आणि पाटावर बस.”

तेलाची वाटी, उटणे आणि एक कारीट तिने सकाळपासून देवघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवले होते. भर दुपारी पार्ल्यातल्या त्या घरात पुन्हा एकदा पहाट झाली. बाथरूमच्या दाराशी निरांजन लागले. कारीट फुटले. डोक्यावरून एक विमान गडगडत समुद्राकडे गेले. मावशीने मान वर केली नाही. ती मुलाच्या पाठीला तेल चोळीत होती.